गेम आणि इग्रा: खेळांवरचे इंग्रजी वाक्प्रचार रशियनमध्ये नेताना

इंग्रजी वाक्यात ‘प्ले’ किंवा ‘गेम’ दिसलं की रशियन शिकणाऱ्याचा हात आपोआप ‘इग्रात्य’ (खेळणं) आणि ‘इग्रा’ (खेळ) या शब्दांकडे जातो. कधी कधी ते जमूनही जातं. ‘प्ले विथ फायर’ म्हणजे ‘इग्रात्य स अग्न्योम’, आपल्या आगीशी खेळण्यासारखंच. पण त्याच भरवशावर ‘प्ले द फूल’चं ‘इग्रात्य व दुराका’ केलंत, तर ऐकणाऱ्याला वाटेल की गडी पत्ते खेळतोय. ‘दुराक’ म्हणजे मूर्ख, आणि रशियातल्या सगळ्यांत लोकप्रिय पत्त्यांच्या खेळाचं नावही दुराकच. वेड पांघरायचं किंवा टिवल्याबावल्या करत वेळ घालवायचा, तर रशियन माणूस ‘वाल्यात्य दुराका’ म्हणतो, शब्दशः मूर्खाला लोळवणं. तिथे खेळण्याचा काही संबंध नाही.

पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं: इंग्रजीतला खेळ उचलून रशियनमध्ये ठेवायचा नाही. त्या खेळातून कोण कुणाचं काय करतंय ते उचलायचं, आणि मग रशियन माणूस तिथे कोणता खेळ आठवतो, की आठवतच नाही, ते बघायचं.

आधी लिपीबद्दल दोन शब्द. रशियन उच्चार इथे ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिले आहेत. जोर नसलेला ‘ओ’ रशियनमध्ये ‘अ’कडे झुकतो, म्हणून जोराच्या अक्षराआधी तो बहुतेक ‘आ’ किंवा ‘अ’ आणि नंतर ‘अ’ दिसेल. शब्दाच्या शेवटच्या ‘त्य’मधला ‘य’ फक्त मृदूपणा दाखवतो, त्याचा वेगळा ‘या’ करू नका. ‘व’ हे अव्यय पुढे कठोर व्यंजन आलं की ‘फ’ ऐकू येतं, म्हणून काही ठिकाणी ‘व’ आणि काही ठिकाणी ‘फ’ आहे. लेखी रशियनमध्ये अक्षर एकच.

आधी खेळ काढून टाका

वाक्प्रचार समोर आला की त्याचं साध्या मराठीत एक वाक्य करा, ज्यात खेळ, डाव, पत्ते यातलं काहीही नसेल. असं वाक्य होत नसेल तर वाक्प्रचार अजून कळलेला नाही, आणि मग शब्दकोशात पुढे जाण्यात अर्थ नाही.

ही पायरी गाळली की काय होतं ते ‘प्ले द गेम’ आणि ‘प्ले गेम्स’ या जोडीत दिसतं. पहिल्याचा अर्थ नियमाने वागणं. रशियनमध्ये ‘इग्रात्य पा प्राविलम’, नियमांनुसार खेळणं, आणि चित्रही तेच. दुसऱ्याचा अर्थ बरोबर उलटा: समोरच्याला झुलवणं, खरं न सांगणं. इथे ‘इग्रात्य’ बाजूला ठेवून ‘मारोचित्य गोलवु’ (डोकं भंजाळून टाकणं) किंवा ‘वादीत्य झा नोस’ (नाकाला धरून फिरवणं) घ्यावं लागतं. दोघांत फरक आहे. पहिल्यात भर समोरच्याला झुलवत गोंधळात ठेवण्यावर असतो. दुसऱ्यात त्याला जाणूनबुजून, बराच काळ फसवलेलं असतं. आश्वासनं देऊन पाळत नसलेल्या माणसाला दुसरा शोभतो.

‘गेम’ एकट्यानेच किती सोंगं घेतो ते पाहा. ‘द गेम इज अप’मध्ये तो कारस्थान आहे: बिंग फुटलं, आता सुटका नाही. रशियनमध्ये ‘इग्रा अकोन्चेना’ (खेळ संपला) चालतं, पण ‘कार्ता बीता’ (पत्ता मारला गेला) जास्त नेमकं, कारण त्यात मोठ्या पत्त्याने हरल्याचा ठोका आहे. नुसता ‘इग्रा अकोन्चेना’ व्हिडिओ गेमच्या पडद्यावरही येतो, त्यामुळे गंभीर प्रसंगात तो कधी कधी हलका पडतो. ‘गिव्ह द गेम अवे’मध्ये गेम म्हणजे गुपित. रशियनला तिथे खेळ लागत नाही, ‘प्रगावारीत्सा’ म्हणजे बोलता बोलता तोंडातून निसटणं एवढंच पुरतं. ‘व्हॉट्स युअर गेम?’ म्हणजे तुझा बेत काय. रशियनमध्ये ‘श्तो ती झादूमल?’ आणि ‘फेअर गेम’, ‘बिग गेम’ यांतला गेम तर खेळ नाहीच, तो शिकारीचा प्राणी आहे. त्याला रशियन शब्द ‘दीच’. ‘फेअर गेम’साठी ‘झाकोन्नया दाबीचा’, म्हणजे रीतसर मिळालेली शिकार, असं म्हणतात. तिथे ‘इग्रा’ वापरलं की वाक्याला काही अर्थच उरत नाही.

रशियन माणूस कोणते खेळ खेळलेला आहे?

वाक्प्रचार रोज खेळल्या जाणाऱ्या खेळांतून येतात. इंग्रजीच्या मागे पोकर, घोड्यांच्या शर्यती, क्रिकेट, बेसबॉल उभे आहेत. रशियनच्या मागे मुख्यतः पत्ते, बुद्धिबळ आणि अंगणातले लहान मुलांचे खेळ.

पत्त्यांत दोन्ही भाषा सर्वांत जवळ येतात. ‘पुट युअर कार्ड्स ऑन द टेबल’ला ‘रास्क्रीत्य कार्ती’ (पत्ते उघडे करणं), ‘हाउस ऑफ कार्ड्स’ला ‘कार्तच्नि दोमिक’. ‘एस अप वन्स स्लीव्ह’मध्ये इंग्रज बाहीत एक्का लपवतो, रशियन बहुधा हुकूम लपवतो: ‘कोझिर्य व रुकाव्ये’. दुराकसारख्या खेळात हुकमाची दुरीसुद्धा इतर रंगाच्या मोठ्या पत्त्याला मारते, असं म्हणायचं होतं, पण दुराकच्या नेहमीच्या डावात 36च पत्ते असतात, छक्क्यापासून एक्क्यापर्यंत. म्हणून हुकमाचा छक्का म्हणू. तोसुद्धा दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला मारतो. त्यामुळे रशियन बोलण्यात एक्क्यापेक्षा हुकमाचा दबदबा जास्त. पहिल्याच झटक्यात सगळ्यात भारी मुद्दा काढणं म्हणजे ‘खादीत्य स कझिर्येय’, हुकमाने खेळी सुरू करणं.

दुराकची आणखी एक गंमत कामाची आहे. त्यात जिंकणारा कुणी नसतो, फक्त हरणारा असतो: ज्याच्या हातात शेवटी पत्ते उरतात तो दुराक. त्यातूनच ‘अस्तात्सा व दुराकाख’ आला, म्हणजे सगळे सुटून गेले आणि फसलो तो मीच. इंग्रजीत ‘लेफ्ट होल्डिंग द बॅग’ असेल तिथे बऱ्याचदा हा फिट बसतो. ‘काउंट मी आउट’ला दोन अक्षरी ‘या पास’ आहे, पत्त्यांत पास म्हणण्याचाच. ‘गो ऑल इन’ला ‘इत्ती वा-बांक’, हा फ्रेंचमधून आलेला. ‘स्टेक’ला, म्हणजे पणाला लावण्याला, ‘पास्तावित्य ना कार्तु’.

पोकरची इंग्रजी मात्र जपून हाताळा. ‘पास द बक’मधला बक हा पत्ते वाटायची पाळी कुणाची हे दाखवणारा खुणेचा पदार्थ होता, आणि त्यावरूनच अमेरिकी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या टेबलावर ‘द बक स्टॉप्स हिअर’ अशी पाटी होती. रशियनमध्ये हे चित्रच नाही. जबाबदारी ढकलणाऱ्याबद्दल ‘वालीत्य ना द्रुगीख’ (दुसऱ्यांवर लोटणं) म्हणा आणि पाटीचं भाषांतर साधं करा: ‘झा फ्स्यो अत्विचायु या’, सगळ्याला जबाबदार मी. ‘पोकर फेस’ला ‘काम्येन्नये लित्सो’, दगडी चेहरा. ‘फॉलो सूट’मध्ये पत्त्याचा रंग शोधत बसू नका, ‘पास्ल्येदवत्य येवो प्रिम्येरु’ म्हणा, आणि ‘प्रिम्येर’ला चतुर्थी लावायला विसरू नका. ‘च्या उदाहरणाला अनुसरणं’ अशी रचना मनात धरली की विभक्ती चुकत नाही.

बुद्धिबळात मराठी माणसासाठी खास सापळा आहे. रशियन पटावर ‘स्लोन’ म्हणजे हत्ती आहे, पण तो आपल्या उंटाच्या जागी उभा असतो आणि तिरका चालतो. आपला हत्ती तिथे ‘लाद्या’ आहे, म्हणजे होडी. इंग्रजीतल्या ‘रूक’चं मनात मराठी करून मग रशियन करणाऱ्याच्या हातून इथे सोंगट्यांची अदलाबदल होते. वजिराच्या बाबतीत मात्र आपण इंग्रजीपेक्षा जवळ आहोत: रशियन ‘फ्येर्स्य’ हा फारसी ‘फर्झीन’मधून आला, त्याचा अर्थ सल्लागार. राणीचा तिथे संबंध नाही.

बुद्धिबळातले बरेच शब्द रशियनमध्ये रोजच्या बोलण्यात आहेत, आणि इंग्रजीत खेळाचा मागमूस नसलेल्या जागीही ते चपखल बसतात. वेळेची प्रचंड ओढाताण असेल तर ‘उ नास त्सेयत्नोत’. हा शब्द जर्मनमधून आला, बुद्धिबळाच्या घड्याळात वेळ संपत आल्यावर वापरतात. अनपेक्षित, चतुर चालीला ‘खोत कान्योम’, घोड्याची चाल. दोघांनी खुर्च्या बदलल्या की ‘राकिरोफ्का’, म्हणजे किल्लेकोट; 24 सप्टेंबर 2011 रोजी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव यांनी तेव्हाचे पंतप्रधान पुतिन यांचं नाव राष्ट्राध्यक्षपदासाठी पुढे केलं आणि स्वतः पंतप्रधानपदाकडे वळले, त्या अदलाबदलीला रशियन पत्रकारितेत हाच शब्द चिकटला. ‘पॉन’ला ‘प्येश्का’, आणि पूर्ण वाक्प्रचार हवा तर ‘प्येश्का फ चुझोय इग्र्ये’, दुसऱ्याच्या डावातलं प्यादं. ‘स्टेलमेट’चं नुसतं ‘पात’ करू नका, ते पटावरचंच वाटतं. वाटाघाटी अडल्या असतील तर ‘पातवया सितुआत्सिया’ किंवा त्याहून सहज ‘पिरिगावोरि झाश्ली फ तुपीक’, बोलणी बोळाच्या बंद टोकाला पोचली.

क्रिकेट आणि बेसबॉलची गोष्ट पटकन संपते: रशियन वाचकाला ती चित्रं दिसत नाहीत. मराठी अनुवादकाला क्रिकेट इतकं ओळखीचं असतं की ‘स्टिकी विकेट’ वाचून त्याला ओली खेळपट्टी डोळ्यांसमोर दिसते आणि ते चित्र सोडवत नाही. सोडावं लागतं. ‘श्शिकत्लीवये पालाझ्येनिये’, म्हणजे नाजूक परिस्थिती, एवढंच लिहा. ‘इट्स नॉट क्रिकेट’ला ‘एता न्ये पा प्राविलम’ किंवा बोलताना ‘ताक निच्येस्ना’. ‘बोल्ड ओव्हर’ला ‘स्राझीत्य नापावाल’, एका घावात लोळवणं. ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे ढोबळ आकडा, तिथे ‘प्रिब्लिझीतिल्ना’ (अंदाजे) पुरेसं. फुटबॉल मात्र चालतो: ‘ओन गोल’ हा ‘अफ्तागोल’ किंवा ‘गोल फ स्वाई वारोता’. ‘मूव्ह द गोलपोस्ट्स’मधले खांब रशियन हलवत नाही, तो नियम हलवतो: ‘मिन्यात्य प्राविला पा खोदु इग्री’, खेळ चालू असताना नियम बदलणं. टेनिसचा ‘द बॉल इज इन युअर कोर्ट’ आता ‘म्याच ना वाशेय स्तरान्ये’ म्हणून ऐकू येतो, पण ‘खोत झा वामि’ (चाल तुमची) जास्त रुळलेला आहे.

लहान मुलांच्या खेळांचा साठा अनुवादक हमखास विसरतात, आणि तिथेच रशियन सर्वांत जिवंत आहे. ‘कॅट अँड माउस’ तसाच, ‘इग्रात्य फ कोश्की-मिश्की’. कानगोष्टींत निरोप बिघडतो त्याला ‘इस्पोर्चेन्नि तिलिफोन’, बिघडलेला टेलिफोन. पदावरची माणसं भराभर बदलत असतील, इंग्रजीत ‘म्युझिकल चेअर्स’ लिहिलं असेल, तर ‘चिखार्दा’ घ्या. हा वाकलेल्या गड्यावरून उडी मारण्याचा खेळ, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात झारच्या मंत्र्यांची जी बदलाबदली चालली तिला आजही ‘मंत्र्यांची चिखार्दा’ म्हणतात. मुद्दाम हरणाऱ्याबद्दल ‘इग्रात्य फ पद्दाफ्की’: या खेळात आपल्या सोंगट्या मारून घेणारा जिंकतो. तोंड उघडत नसलेल्याबद्दल ‘इग्रात्य व माल्चान्कु’. फुटकळ कामात वेळ घालवणाऱ्याबद्दल ‘इग्रात्य व बिर्यूल्की’. बिर्यूल्की म्हणजे बारीक लाकडी खेळण्यांचा ढीग, त्यातून हुकाने एकेक वस्तू बाकीच्या न हलवता काढायची.

‘इग्रात्य’पुढे काय येतं

चुका सर्वांत जास्त इथे होतात, आणि त्यामागे मराठीचा हात असतो. आपण खेळ खेळतो, वाद्य वाजवतो, भूमिका करतो: तीन क्रियापदं. इंग्रजीत तिन्हींना ‘प्ले’, रशियनमध्ये तिन्हींना ‘इग्रात्य’. रशियन फरक दाखवतं तो पुढच्या अव्ययात आणि विभक्तीत.

- खेळ असेल तर ‘व’ आणि द्वितीया: इग्रात्य फ शाख्मति (बुद्धिबळ खेळणं).
- वाद्य असेल तर ‘ना’ आणि सप्तमी: इग्रात्य ना गितार्ये. याच रचनेतून ‘इग्रात्य ना न्येर्वख’, कुणाच्या नसा तारांसारख्या छेडणं.
- कुणाशी, कशाशी असेल तर ‘स’ आणि तृतीया: इग्रात्य स अग्न्योम.
- भूमिका असेल तर अव्ययच नाही, थेट द्वितीया: इग्रात्य रोल्य, आणि ‘प्ले सेकंड फिडल’चं ‘इग्रात्य फ्तारूयु स्क्रीप्कु’.

शेवटच्यात व्हायोलिन असूनही ‘ना’ नाही, कारण दुसरं व्हायोलिन इथे वाद्य नसून वाद्यवृंदातलं स्थान आहे. ‘ना’ लावलं की माणूस खरोखर दुसऱ्या एखाद्या व्हायोलिनवर वाजवायला बसतो.

‘इग्रात्य रोल्य’ (भूमिका बजावणं) आणि ‘इम्येत्य झ्नाच्येनिये’ (महत्त्व असणं) यांची भेसळ करून ‘इग्रात्य झ्नाच्येनिये’ म्हणणं ही रशियन लोकांच्याही तोंडी येणारी प्रसिद्ध चूक आहे. परीक्षेत आणि संपादकाच्या टेबलावर ती लगेच पकडली जाते. तसंच ‘प्ले अ डबल गेम’मध्ये क्रियापद ‘इग्रात्य’ नाही, ‘व्येस्ती द्वाय्नूयु इग्रू’ आहे: दुहेरी खेळ चालवणं.

‘प्ले इंटू समवन्स हँड्स’ जरा जवळून पाहू. रशियनमध्ये ‘इग्रात्य ना रुकु’ आणि ज्याचा फायदा होतो त्याला चतुर्थी. हात इंग्रजीत अनेक, इथे एकच. जोर ‘रुकु’वर नाही, तो सरकून ‘ना’वर आला आहे, ‘ना रूकु’ म्हटलं की ‘हातावर’ असा साधा अर्थ होतो. शिवाय इंग्रजीत हा वाक्प्रचार बहुतेक शत्रूच्या फायद्यासाठी येतो, रशियनमध्ये तो आपल्याही पथ्यावर पडू शकतो: ‘दोश्त्य सिग्राल नाम ना रुकु’, पाऊस आमच्या पथ्यावर पडला. एकदाच घडून गेलं म्हणून ‘सिग्राल’. नेहमी घडत असेल तर ‘इग्रायेत’.

उपसर्ग: जिथे इंग्रजीला अख्खा वाक्प्रचार लागतो

मराठीत खेळून बसणं, खेळून घेणं, खेळत राहणं असं सहायक क्रियापद बदलून जे साधतं, ते रशियन ‘इग्रात्य’ला पुढून उपसर्ग लावून साधतं. त्यामुळे इंग्रजी वाक्प्रचाराला रशियन वाक्प्रचार शोधत बसण्याआधी एखादं उपसर्गी क्रियापद आहे का ते बघा. बहुधा तेच सर्वांत नैसर्गिक निघतं.

‘प्ले अलाँग’ला ‘पदिग्रात्य’, चतुर्थीसह. एखाद्याची फिरकी घेणं म्हणजे ‘राझिग्रात्य’. पण कर्म माणूस असेल तरच. कर्म बक्षीस असेल तर तेच क्रियापद सोडत काढण्याचा अर्थ देतं. ‘अतिग्रात्सा’ म्हणजे हरलेलं परत जिंकणं, आणि पुढे ‘ना’ आलं की वड्याचं तेल वांग्यावर काढणं. ‘झाइग्रात्सा’ म्हणजे खेळात वाहवत जाऊन मर्यादा ओलांडणं. ‘ओव्हरप्ले वन्स हँड’ला हा बरा पडतो, रूपावरून मोह होणारा ‘पिरिइग्रात्य’ नको, कारण त्याचे अर्थ जास्त अभिनय करणं, पुन्हा खेळणं किंवा प्रतिस्पर्ध्यावर मात करणं असे होतात. आणि ‘दाइग्राल्सा!’ या एका शब्दात ‘इतके दिवस नाचलास, आता भोग’ हे सगळं येतं. इंग्रजीला त्यासाठी पूर्ण वाक्य खर्चावं लागतं.

एक वाक्य सुरुवातीपासून

इंग्रजी वाक्य घ्या: ‘ही हॅज बीन प्लेइंग गेम्स विथ अस फॉर मंथ्स, बट टू कॅन प्ले अ‍ॅट दॅट गेम.’ खेळ काढून मराठीत: तो कित्येक महिने आम्हाला झुलवतोय, पण आम्हीही त्याला तसंच वागवू शकतो. पहिल्या भागाला ‘मारोचित्य गोलवु’. दुसऱ्याला रशियनमध्ये खेळ नाही, नाणं आहे: ‘अत्प्लातीत्य तोय झे मन्येतय’, त्याच नाण्यात परतफेड करणं. आता काळ. इंग्रजीचा लांबलचक पूर्ण चालू काळ पाहून भूतकाळ लावू नका. काम अजून चालू आहे, म्हणून मराठीसारखाच रशियनमध्येही वर्तमानकाळ आणि सोबत ‘उझे’. होतं ते असं: ‘ओन उझे न्येस्कल्का म्येसित्सेफ मारोचित नाम गोलवु. निचिवो, मी अत्प्लातिम येमू तोय झे मन्येतय.’ इंग्रजीच्या ‘बट’ची जागा ‘निचिवो’ने घेतली आहे: ‘असू दे, बघून घेऊ’ असा सूर त्यात येतो. ‘तुझं डोकं’ म्हणताना मराठीत जसा षष्ठीचा मोह होतो तसा इथे करू नका; रशियनमध्ये डोकं कुणाचं ते ‘नाम’ या चतुर्थीतूनच कळतं.

सूर आणि वापर तपासताना

चित्र जुळलं म्हणून वजन जुळतंच असं नाही. ‘द गेम इज नॉट वर्थ द कँडल’ फ्रेंचमधून इंग्रजीत आला: जुगाराच्या रात्री जळणाऱ्या मेणबत्तीचा खर्चही जिंकलेल्या पैशांतून निघाला नाही. आजच्या इंग्रजीत तो जुनाट वाटतो. रशियनमध्ये ‘इग्रा न्ये स्तोइत स्व्येच’ दुकानातही ऐकू येतो. म्हणून इंग्रजीतल्या साध्या ‘नॉट वर्थ इट’लाही तो निर्धास्त वापरता येतो, पण उलट दिशेने जाताना मेणबत्ती सोडून द्यावी. उलट ‘चाइल्ड्स प्ले’ इंग्रजीत कुठेही चालतो, आणि त्याचा रशियन सोबती ‘रास प्ल्यूनुत्य’ (एकदा थुंकण्याइतकं सोपं) अर्जात किंवा अहवालात कधीच लिहू नये.

शंका आली की राष्ट्रीय रशियन भाषासंग्रहात, जो 2004पासून इंटरनेटवर खुला आहे, रशियन वाक्प्रचार शब्दशः शोधा. किती उदाहरणं मिळतात यापेक्षा ती कुठली आहेत ते वाचा. सगळी अलीकडच्या वर्तमानपत्रांतली आणि बहुतेक भाषांतरित बातम्यांतली असतील, तर तुमच्या हातात इंग्रजीची नक्कल आहे. ‘मिन्यायेत प्राविला इग्री’ हे ‘गेम चेंजर’चं भाषांतर व्यापारी मजकुरात चालून जातं, कथेत किंवा संवादात ‘फ कोर्न्ये मिन्यायेत द्येला’ (मुळापासून गोष्ट बदलते) बरं.

मोठ्याने म्हणायचं असेल तर जोर शेवटी एकदा तपासाच. मेणबत्तीच्या वाक्प्रचारात ‘स्तोइत’चा जोर पहिल्या अक्षरावर आहे, अर्थ ‘किमतीचा असणं’. जोर दुसऱ्या अक्षरावर गेला की तो ‘स्ताईत’ होतो, म्हणजे ‘उभं असणं’, आणि रशियन माणूस वाक्य मध्येच थांबवून तुम्हाला दुरुस्त करतो. ‘स्व्येच’ही असंच जपा: मेणबत्तीच्या अनेकवचनी षष्ठीचं नेहमीचं रूप ‘स्विच्येय’ आहे, पण या वाक्प्रचारात जुनं आखूड रूपच गोठून राहिलं आहे.